जाड पत्र्याच्या भरवशावर लेकरं बसवू नका

‘नव्या गाडीत आठ-दहा लाख घालण्यापेक्षा जुनी फियाट नाहीतर ॲम्बेसेडर घ्या आणि रोज वापरा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यात पाच दावे आहेत. पत्रा जाड, म्हणून अपघातात आतल्या माणसाला काही होत नाही. पन्नास वर्षं झाली की विंटेज नोंदणी मिळते, मग टॅक्स-फिटनेसची कटकट नाही. कुठलाही मिस्त्री रस्त्यात उभ्या उभ्या दुरुस्त करतो. एथेनॉलच्या पेट्रोलचा त्रास फक्त नव्या गाड्यांना. आणि किंमत वाढतच जाते.

आधीही हा मेसेज माझ्याकडे आला होता, तेव्हा मी सोडून दिला. आता तो माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय. त्याला रोज सेलूहून परभणीला जायचंय, सोबत बायको आणि चार वर्षांची लेक. पन्नाशी ओलांडलेली एक फियाट त्याने हेरून ठेवली आणि टोकन द्यायच्या बेतात होता. मला फोनवर म्हणतो, “मामा, ह्याच्या पत्र्यावर बुक्की मारली तर आपलीच बुक्की दुखते, बघा!” ही बुक्की त्याला त्या मेसेजनेच शिकवली. म्हणून आता सविस्तर लिहितो.

जुन्या गाड्यांवर माझा राग नाही. वडिलांची ॲम्बेसेडर अजून घरी आहे, तिचं तेलपाणी मीच बघतो. त्या गाडीवर माझा जीव आहे. पण लेकराला घेऊन हायवेवर रोज जायला मी ती कुणाला देणार नाही.

सगळ्यात आधी तो पत्रा. मेसेजमधला सगळ्यात घातक दावा हाच आहे, कारण तो ऐकायला पटतो. जाड लोखंड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे सुरक्षित. पण धडकेत माणूस मरतो तो पत्रा वाकला म्हणून नव्हे. गाडी क्षणात थांबते आणि आतलं शरीर त्याच वेगाने पुढे जातं, त्याने मरतो. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असंच बनवलेलं असतं. ते चुरगळताना थांबण्याला थोडा अवधी मिळतो आणि धक्का तेवढा सौम्य होतो. माणसं बसतात तो मधला सांगाडा मात्र ताठ ठेवलेला असतो. धडकेनंतर नव्या गाडीच्या पुढच्या भागाचा चुराडा बघून लोक म्हणतात, ‘बघा, कागदाची गाडी!’ त्या चुराड्यानेच आतला माणूस वाचवलेला असतो. जुन्या गाडीत हा हिशेबच नाही. नाक वाकलं नाही तर सगळा धक्का आत येतो, आणि वाकलं तर डॅशबोर्ड-स्टिअरिंगसकट माणसाच्या अंगावर येतं.

हे माझं तोंडी मत नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी, रस्ता सुरक्षेचं काम करणारी एक संस्था आहे, आयआयएचएस. तिने 2009 साली, आपल्या पन्नासाव्या वर्षी, 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू अशा दोन गाड्या समोरासमोर आणून धडकवल्या. दोन्हींचा वेग ताशी 64 किलोमीटरच्या आसपास. धडक पूर्ण नाकावर नव्हती, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धवट होती, म्हणजे ओव्हरटेक करताना आपल्याकडे होते तशी. बेल एअर जाड पत्र्याची आणि पाच मीटरहून लांब. मेसेजवाल्यांच्या हिशेबाने तिने मालिबूला चिरडायला हवं होतं. प्रत्यक्षात तिचा बसायचा भागच आत दबला, स्टिअरिंग वर आणि मागे सरकलं, ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं डोकं त्यावर आपटलं. खरा माणूस असता तर जागीच गेला असता, असा संस्थेचा निष्कर्ष. मालिबूचं नाक पार गेलं, पण बसायची जागा शाबूत राहिली. तिच्यातल्या माणसाचं पायाच्या इजेवर भागलं असतं. व्हिडिओ नेटवर आहे, जेमतेम एका मिनिटाचा. भाच्याला पाठवला, तुम्हीही बघा.

आता फियाट घ्या. चार मीटरच्या आतली, नऊशे किलोच्या आसपास वजनाची, आणि मूळ आराखडा 1950 च्या दशकातला. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या दिशेने, धडकेत दुमडायची सोय नाही. पुढची सीट बाकासारखी सलग, मानेमागे टेकू नाही, म्हणजे मागून ट्रकने हलकं ठोकलं तरी मानेला हिसका. पट्टे असले तर नंतर कुणीतरी बसवलेले, आणि तेही कशाला बोल्ट केलेत ते सीट उचलून बघितल्याशिवाय कळत नाही. भाच्याने बघितलेल्या गाडीत मागे पट्टेच नाहीत. मग लेकरू बसणार कुठे? आईच्या मांडीवर, पुढच्या सीटवर, लोखंडी डॅशबोर्डसमोर.

‘मग नव्या गाड्या तरी कुठे सुरक्षित आहेत?’ हा प्रश्न येणारच. त्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेने, भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची चाचणी घेतली आणि मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. लाजिरवाणीच गोष्ट होती. पण त्यातल्याच पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा तपासलं, तर तिला चार तारे मिळाले. म्हणजे फरक पडतो. त्यानंतर नियमही कडक झाले आणि 2023 च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. शून्य तारेवाली गाडी वाईट, म्हणून तिच्याही साठ वर्षं मागची घ्या, हे तर्कशास्त्र मला कळत नाही.

आणि धडक व्हायच्या आधी गाडी थांबवावी लागते. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. मांजरसुंब्याचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी पुढेच जाते. बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेकची लाईन एकच असते, एका चाकाचं सिलिंडर गळलं की सगळेच ब्रेक गेले. आपल्याकडचे रस्ते आता रुंद झालेत, मागची-पुढची गाडी शंभरने पळते आणि डिस्क ब्रेक-एबीएसवर तुमच्यापेक्षा कमी अंतरात उभी राहते. त्यात कारखान्यांचा हंगाम. नोव्हेंबरपासून रात्री रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. फियाटच्या मिणमिणत्या उजेडात ती ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक मारायला अंतर उरत नाही. मराठवाड्यात राहणाऱ्याला हे मी वेगळं सांगायला नको.

आता विंटेज नोंदणी. हा दावा नुसता चुकीचा नाही, नियमाच्या बरोबर उलटा आहे. केंद्र सरकारने 2021 च्या जुलैत मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. इथपर्यंत मेसेज सांगतो. पुढचं गाळतो. अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालवायला मनाई आहे, हे त्याच नियमांत लिहिलेलं आहे. म्हणजे विंटेज नंबरवर रोज सेलू-परभणी केलं तर रोज नियम मोडला. उद्या काही झालं, तर विमा कंपनीच्या हातात नकार द्यायला आयतं कारण.

रोज वापरायची असेल तर साधीच नोंदणी जिवंत ठेवावी लागते. इथेही मेसेजमध्ये एक खरी ओळ आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, ही अफवा आहे, असं तो म्हणतो, आणि महाराष्ट्रापुरतं ते बरोबर आहे. ती सक्ती दिल्ली परिसरातल्या आदेशांमुळे लोकांच्या डोक्यात बसलीय. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी मुदत वाढवून मिळते. पण फिटनेस तपासणी होते, हरित कर भरावा लागतो, पीयूसी लागते, आणि नूतनीकरणाची फी 2022 मध्ये 600 वरून 5,000 वर आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना 2025 मध्ये 10,000 वर गेलीय. ‘कटकट नाही’ यातलं काहीच नाही.

मिस्त्रीच्या मुद्द्यावर मी जास्त भांडणार नाही. इंजिन साधं आहे, हे खरं. पॉइंट घासा, प्लग साफ करा, कार्बोरेटरचं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, जेट फुंका, गाडी चालू होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी (फियाटचंच नंतरचं नाव) त्यावरच कितीतरी वर्षं धावल्या. पण तिथे गल्लोगल्ली त्याच गाडीचे मिस्त्री होते, पार्ट होते, आणि चालवणाऱ्याचं पोट त्याच गाडीवर होतं. त्या टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या. आपल्या तालुक्याच्या गावात आज गॅरेजमधला पोरगा स्कॅनर लावून दोष शोधतो. त्याला कार्बोरेटर ट्यून करता येत नाही, यात त्याची चूक नाही. ज्यांना येतं ते साठीच्या पुढचे. पार्ट मिळतात ते डुप्लिकेट. कंडेन्सर आठवड्यात जातो, रबराचं बीडिंग महिन्यात फाटतं. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन पाव शतक झालं, ॲम्बेसेडर 2014 ला थांबली. हौसेच्या गाडीचा पार्ट मुंबईहून यायला पंधरा दिवस लागले तर चालतं. नोकरीला जायच्या गाडीचं तसं चालत नाही.

उन्हाळ्याचं तर मेसेजमध्ये नावच नाही. लिहिणाऱ्याने मे महिन्यातली परभणी बघितलेली दिसत नाही. पारा त्रेचाळीसवर गेला की इंजिनला चिकटलेला पेट्रोल पंप इतका तापतो, की नळीतच पेट्रोलची वाफ होते. गाडी आचके देते आणि बंद पडते. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, अर्धा तास सावली शोधत उभे राहा. रेडिएटरला पाणी लागलं तर जवळच्या बोअरचं घालतात. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी आणखी लवकर तापते.

एथेनॉलचा मुद्दा वाचून मात्र मी हातच टेकले. वीस टक्के एथेनॉलचं पेट्रोल नव्या गाड्यांना बाधतं आणि जुन्यांना नाही? नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच नोंद आहे, की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज या मिश्रणावर सहा-सात टक्के घटतं. फियाट तर त्याही आधीची. नवी इंजेक्शनची गाडी सेन्सरवर पेट्रोलचं प्रमाण काही अंशी सावरून घेते. कार्बोरेटरचं जेट ठरलेल्या भोकाचं. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. एथेनॉल हवेतलं पाणी धरतं, म्हणून गाडी पावसाळ्यात उभी राहिली की टाकी आतून गंजते. जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, मऊ पडतात, पाझरतात. आणि ती नळी कुठून जाते, तर गरम एक्झॉस्टच्या जवळून. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर ‘जुन्या गाडीला येतोच’ म्हणून सोडू नका. गाडी तिथेच बंद करा आणि नळ्या बदला, एथेनॉलला टिकणाऱ्या.

किंमत वाढते म्हणाल तर ती मूळ रंगाच्या, मूळ पार्टच्या, जपून ठेवलेल्या गाडीची. रोज ऐंशी किलोमीटर पळवलेल्या गाडीची नाही.

भाच्याला मी काय सांगितलं, तेही लिहितो. जुनीच गाडी घ्यायची असेल, बजेटच तेवढं असेल, तर दहाएक वर्षांच्या आतली, इंजेक्शनची, पुढे डिस्क ब्रेक, दोन एअरबॅग आणि मागे खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारे पट्टे असलेली साधी हॅचबॅक बघ. परभणीत तिचा पार्ट त्याच दिवशी मिळेल. लेकीसाठी वेगळी चाइल्ड सीट घे आणि ती मागेच लाव. फियाटचा जीव लागलाच असेल तर दुसरी गाडी म्हणून घे, दिवसा चालव, गावातल्या गावात चालव. आणि टोकन द्यायच्या आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून आरसीची मुदत बघ, चासी नंबर स्वतः कापडाने पुसून वाच आणि आरसीशी ताडून घे. त्याने ॲपवर बघितलं. त्या फियाटच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती, आणि विकणारा ‘विंटेज करून घ्या, काही लागत नाही’ हेच सांगत होता. टोकन दिलेलं नाही.