तिरुपतीचा फोटो आणि तळ्यातले थर

शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच फोटो आला. चांद्रयान-३ उडायच्या आदल्या दिवशी, १३ जुलै २०२३ ला, इस्रोची मंडळी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला दर्शनाला गेली होती, तो. आणि पुन्हा तेच भांडण, शब्दसुद्धा तेच. संजय म्हणणार हे कसले शास्त्रज्ञ, डिग्र्या परत घ्या यांच्या. वैशाली म्हणणार यान उतरलं ना चंद्रावर, मग तुझ्या का पोटात दुखतंय. मग तिसरा कुणीतरी आपल्या ग्रंथांत विमानं कशी होती त्याचा व्हिडिओ टाकणार, रात्री दोघंतिघं ग्रुप सोडणार आणि सकाळी अ‍ॅडमिन त्यांना परत घेणार. मी इथे मिशिगनमध्ये शिफ्टच्या ब्रेकमध्ये हे वाचते आणि मला खरंच संताप येतो, कारण इतक्या वर्षांत एकानेही दुसऱ्याला एक साधा प्रश्न विचारलेला नाही.

यावेळी न राहवून मी लिहिलं, की आमच्या गावात एक ख्रिश्चन विद्यापीठ आहे, तिथे दरवर्षी बाहेरून शास्त्रज्ञ बोलावतात, ते आठवडाभर राहतात, मुलांबरोबर जेवतात, लॅबमध्ये बसतात आणि एका संध्याकाळी सगळ्या गावासमोर श्रद्धा आणि विज्ञान यावर बोलतात, आणि मी गेली आठ-नऊ वर्षं जाते. दोन मिनिटांत संजयचं उत्तर, आता बायबल कॉलेजात विज्ञान शिकतेस का. आणि वैशालीचं, मिशनऱ्यांच्या नादी लागलीस गं. अगं, आपल्या बॅचमधले निम्मे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये जन्मलोय. डॉ. वॉन्लेसनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल, आपल्या आज्यांची ऑपरेशनं तिथेच झाली आणि त्यांची तुळस काही कुणी उपटली नाही. हे मी लिहिलं नाही तिथे, इथे लिहितेय.

माझं काम ब्लड बँकेत. माझ्या शेजारच्या बेंचवरची बाई रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी डोळे मिटून अर्धा मिनिट प्रार्थना करते. मग ग्लोव्हज घालते आणि क्रॉसमॅच लावते, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते तपासते. तिचं क्रॉसमॅच आणि माझं क्रॉसमॅच सारखंच येतं, सारखंच यायला हवं, नाहीतर पेशंट मरेल. तिची प्रार्थना टेस्ट ट्यूबमध्ये उतरत नाही एवढंच मला बघायचं असतं, बाकी ती कुणाची प्रार्थना करते ते तिचं ती बघेल. तिरुपतीच्या फोटोबद्दल मला एवढंच म्हणायचंय. यानाचा वेग, इंधन, उतरायची जागा हे त्या लोकांनी गणितानेच ठरवलं होतं ना? मग देवाला नमस्कार केला तर केला. पण जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत, सायन्स काँग्रेसमध्ये, प्राचीन भारतात विमानं होती असा पेपर वाचला गेला, तो नमस्कार नव्हता. तिथे पोथी पुरावा म्हणून मांडली गेली, आणि भांडायचं असेल तर यावर भांडा.

इथल्या व्याख्यानांत एक नाव नेहमी येतं, जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू, लूव्हँच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवायचा, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली गणित करून सांगणारा माणूस. महास्फोटाच्या, म्हणजे बिग बँगच्या, कल्पनेचं मूळ त्याच्याकडे जातं. आता गंमत बघा, १९५१ साली पोप पायस बारावे म्हणाले की हे विज्ञान म्हणजे सृष्टीच्या निर्मितीला दुजोराच आहे. लमेत्रला आनंद व्हायला हवा होता. तो अस्वस्थ झाला, त्याने प्रयत्न करून हे बोलणं थांबवायला लावलं, कारण उद्या सिद्धांत बदलला तर काय, आणि शिवाय त्याच्या मते ते गणित होतं, धर्माशी त्याचा संबंध नव्हता. स्वतःचा धर्मप्रमुख पाठीवर थाप देत असताना हे म्हणायला केवढी छाती लागते. आणि याच्या विरुद्ध बाजूला कोण होते तर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर, ज्यांना महास्फोट शेवटपर्यंत पटला नाही. धर्मगुरू एका बाजूला, निरीश्वरवादी हॉईल दुसऱ्या बाजूला, आणि पारडं फिरलं ते १९६५ साली पेन्झियस आणि विल्सनच्या अँटेनाला सापडलेल्या प्रारणामुळे, म्हणजे महास्फोटातून उरलेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींमुळे. कोण कुठल्या देवळात जातो हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

नारळीकर गेले २०२५ च्या मे महिन्यात, तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. त्यांनी २००८ मध्ये अंनिसबरोबर, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर, ज्योतिषाची चाचणी घेतली होती, हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस, २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढी आली असती. हात जोडणाऱ्यांपैकी किती जणांनी मुलांची लग्नं पत्रिका बघून ठरवली ते मला माहितेय. पण नारळीकरांनी नुसतं हिणवलं नाही हे बघा. त्यांनी पत्रिका गोळा केल्या, मोजलं, आणि मग बोलले.

आणि ही गोष्ट तर मला झोपू देत नाही. इथल्या विद्यापीठात दिवसाची सुरुवात चॅपलने, म्हणजे सामूहिक प्रार्थनेने होते आणि अकरा वाजता त्याच इमारतीत जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती शिकवतात. आणि आपल्याकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या, आणि ग्रुपवर त्या आठवड्यात काय चाललं होतं तर रीयुनियनच्या टीशर्टचा रंग. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात तो धडा आहे अजून, पहिलाच आहे, याचा अभिमान तरी कुणी बाळगावा.

हो, इथे सगळं छान आहे असं नाही. केंटकीत माणसं आणि डायनोसॉर एकत्र दाखवणारं म्युझियम २००७ पासून चालू आहे आणि तिथे गर्दी असते. आदम खरंच होता का यावर लिहिल्यामुळे अशा विद्यापीठांतून प्राध्यापकांना जावं लागलंय. १९२५ साली टेनेसीत स्कोप्स नावाच्या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला होता, आणि त्या वादाची धग अजून गेलेली नाही.

पण मी त्या हॉलमध्ये जे पाहिलंय ते मी घरी कधी पाहिलं नाही. २०२३ चा नोव्हेंबर. मी स्क्रब्जवरच गेले होते, सुरुवातीच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या माना खाली, मी पूर्वी डोळे उघडे ठेवायचे, आता मीही मान खाली घालते. पाहुणी भूगर्भशास्त्रज्ञ होती. जपानमध्ये सुइगेत्सु नावाचं तळं आहे, त्याच्या तळाशी दरवर्षी दोन बारीक थर बसतात, वसंतातला फिकट, शैवालाचा, आणि नंतरचा काळपट, मातीचा. ते थर मोजत आणि त्यातल्या पानांचा कार्बन तपासत पन्नास हजार वर्षांपर्यंत मागे जाता येतं. तिने जवळच्याच एका तळ्यातल्या गाळाचा उभा कापलेला नमुना प्लास्टिकच्या नळीतून आणला होता, तो रांगेरांगेतून फिरवला. माझ्या शेजारी डच आडनावाचे एक शेतकरी आजोबा होते, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नखाने एकेक रेघ मोजायला लागले, पुढच्या रांगेला नळी देईचनात.

प्रश्नांच्या वेळी एक मुलगा उठला, एकोणीस-वीस वर्षांचा, हातातला कागद थरथरत होता. म्हणाला आमच्या घरी बायबलप्रमाणे पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, मी थँक्सगिव्हिंगला घरी जाऊन काय सांगू? हॉलमध्ये कुणी हसलं नाही. बाई स्टेजच्या पायरीवर येऊन बसली आणि तिने उलटं विचारलं, कुणाला सांगणं सगळ्यात जड जाईल? तो म्हणाला आजोबांना. मला दगड गोळा करायला त्यांनीच शिकवलं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी पार्किंग लॉटमध्ये येऊन गाडी चालू केली, काच स्वच्छ होईपर्यंत बसून राहिले आणि रडले.

माझे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. ग्रहण त्यांनी मला बल्ब, मोसंबी आणि लिंबू घेऊन शिकवलं, स्वयंपाकघरात दिवा मालवून, छाया कुठे पडते, उपछाया कुठे, सगळं. आणि ग्रहण लागलं की तेच बाबा वेधात पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, सुटल्यावर आंघोळ करून मगच जेवायचे. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना पाहुण्यांसमोर ढोंगी म्हणाले होते. एकदा नाही, बऱ्याचदा. ते काही बोलायचे नाहीत, पानावरून उठून हात धुवायचे. बाबा, तुम्हाला हे दोन्ही लागतं ते का, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही, आणि ते २०१९ ला गेले. परक्या धर्माच्या माणसांच्या देवाबद्दल मी आठ-नऊ वर्षं वही घेऊन ऐकतेय, प्रश्न किती नम्रपणे विचारायचे ते शिकतेय, आणि स्वतःच्या बापाला मी पाच मिनिटं दिली नाहीत. संजयवर मी का चिडते ते आता कळलं असेल. तो बोलतो तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येतो.

८ एप्रिल २०२४ ला आम्ही ओहायोत फिंडलेजवळ गेलो खग्रास बघायला. भर दुपारी साडेतीन मिनिटांहून जास्त अंधार, शेतात उभी असलेली सगळी माणसं गप्प. सूर्याची पहिली कड परत दिसली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलीने कूलर उघडला आणि माझ्यापुढे सँडविच धरलं, मम्मा तू सकाळपासून काही खाल्लं नाहीयेस. मी घड्याळात बघितलं. चंद्र पूर्ण बाजूला व्हायला अजून तासाभराहून जास्त वेळ होता.

थांब, म्हटलं, सुटल्यावर खाते.