पणजीने चोरलेली वर्षं

सर्वप्रथम अभिनंदन. घराण्याचा इतिहास खोदायला बसलात म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, चिकाटी आहे आणि मेलेल्या माणसांना जाब विचारण्याचं धाडसही आहे. जिवंत आत्याला वय विचारून बघा, मग मेलेल्यांची किंमत कळेल. ते बिचारे उलटून बोलत नाहीत.

एक पथ्य मात्र पाळा. कागद खोटं बोलत नाही, खोटं बोलतात ती माणसं, यावर अढळ श्रद्धा ठेवा. जनगणनेचा माणूस दारात उभा आहे, पणजी घरात नाही आणि तिचं वय शेजारीण अंदाजाने सांगते आहे, असलं चित्र डोळ्यांपुढे आलं तर झटकून टाका. मृत्यूच्या नोंदीतलं वय तर डोळे झाकून खरं मानायचं. ते बहुधा जावयाने सांगितलेलं असतं आणि सासूच्या वयाबद्दल जावयाइतका जाणकार दुसरा कोण असणार?

आता पणजीला रंगेहाथ पकडू. एका जनगणनेत ती 31 वर्षांची, दहा वर्षांनी 38, आणखी दहा वर्षांनी 45. झाली की नाही चोरी? नवरा चार वर्षांनी लहान होता, लग्नाच्या दिवशी दोघांनी मिळून हा हिशेब जुळवला असेल, वगैरे खोलात शिरू नका. कौटुंबिक ग्रुपवर तीन तक्ते टाका, खाली ‘बिंग फुटलं!’ असं लिहा आणि सकाळपर्यंत कोणकोण ग्रुप सोडतं ते मोजा.

पुरावा इंग्लंडातला असेल तर आणखी सोपं. 1841च्या जनगणनेत पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायच्या सूचना होत्या. 29चा माणूस 25चा व्हायचा, 34ची बाई 30ची. म्हणजे वयं चोरायचा हुकूम खुद्द सरकारचा. पण सरकारवर रागावून वंशवृक्षाला काय फायदा? खापर खापरपणजीवरच फोडा. तिथल्या लग्नाच्या नोंदीत तर पुष्कळदा वयाच्या जागी नुसतं ‘पूर्ण वयाची’ एवढंच असतं. अर्थ इतकाच, की वधू 21 किंवा त्याहून मोठी. किंवा तसं म्हणाली तरी.

खरी चैन करायची असेल तर आयर्लंडला चला. तिथल्या 1901 आणि 1911च्या जनगणना घरबसल्या, फुकट बघता येतात. पहिल्या नोंदीत 58 वर्षांचा शेतकरी दुसऱ्या नोंदीत 73 वर्षांचा झालेला दिसेल. दहा वर्षांत पंधरा वर्षं म्हातारा! अशी उदाहरणं ढिगाने सापडतात. मध्ये काय झालं? 1908चा वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा झाला आणि जानेवारी 1909पासून सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत मिळू लागले. पंचाईत अशी, की तिथे सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली 1864मध्ये. सत्तरीच्या माणसाकडे दाखला असणार कुठून? मग अधिकाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, 6 जानेवारी 1839च्या रात्रीचं ते मोठं वादळ आठवतं का? आठवत असेल तर वय बसतं. आणि काय सांगू, गावच्या गावांची स्मरणशक्ती अचानक तल्लख झाली.

तुम्ही अर्थातच या लबाडीवर कडक शब्दांत टिपण लिहाल. लिहाच. फक्त एक अडचण सांगून ठेवतो. 1841 आणि 1851च्या तिथल्या जनगणनेचे बहुतेक कागद 1922 साली डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत जळाले. त्याआधी पेन्शन मागणाऱ्यांचं वय पडताळण्यासाठी त्या दप्तरांतून जे उतारे काढले गेले होते, ते मात्र राहिले. कित्येक घराण्यांचा त्या जनगणनांतला तेवढाच तुकडा हाताशी उरला आहे, तोही कोणा म्हाताऱ्याने पाच शिलिंगांसाठी अर्ज केला म्हणून. हे टिपणात घालू नका. रंग फिका पडेल.

पहिल्या महायुद्धातल्या पोरांचं वेगळं. ब्रिटिश सैन्यात भरती व्हायला 18 आणि परदेशी लढायला जायला 19 वर्षं लागायची. सोळा-सतराची पोरं वय वाढवून सांगायची आणि भरती करणारे पुष्कळदा काणाडोळा करायचे. इथे ‘खोटं’ हा शब्द वापरू नये. इथे त्याला शौर्य म्हणतात. खोटं वय म्हणजे पणजीचं.

पणजीची जन्मनोंद सापडलीच, तर ताबडतोब थांबा. 1868! लग्नात तिने 1872 सांगितलं होतं, म्हणजे चार वर्षांची चोरी साबित. रजिस्टरची पुढची पानं अजिबात उलटू नका. पूर्वी कितीतरी देशांत तान्हं मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत असत. कोणी सांगावं, त्याच आईबापांच्या पोटी, त्याच नावाची मुलगी 1872च्या पानावर निघायची. तुम्ही जिला पकडलंत ती वर्षाच्या आत गेलेली थोरली बहीण असेल आणि पणजी सगळा जन्म खरं वय सांगत आली असेल. एवढ्या मेहनतीनंतर असा निकाल कोणाला हवाय?

कागदावर शंका घ्यायची मुभा एकाच ठिकाणी आहे. खापरपणजी 52 वर्षांची, तिच्या नावावर दोन महिन्यांचं बाळ आणि त्याच घरात अठरा वर्षांची अविवाहित मुलगी, अशी नोंद दिसली की इतका वेळ देवासारखा वाटणारा कारकून एकदम गाढव ठरवा. त्याने 42चे 52 केले असणार. त्या काळी शाई पसरायची, अक्षर गिचमिड असायचं, हे सगळं आपल्याला आता आठवतं. विशेषतः ते बाळ म्हणजे तुमचे आजोबा असतील तर.

आणि हो, लोकसंख्येचा अभ्यास करणारे वयाच्या शेवटी 0 किंवा 5 किती वेळा येतो हे मोजतात. त्यासाठी व्हिपल निर्देशांक आहे: 100 म्हणजे गोलाई नाही, 500 म्हणजे सगळेच वय गोल करून सांगणारे. म्हणजे आपल्या वयाचा नक्की आकडा ठाऊक नसलेले लोक जगात इतके होते, की त्यांच्यासाठी गणित बांधावं लागलं. हे वाचून पणजीला संशयाचा फायदा द्यावासा वाटेल. देऊ नका. तिला वकील नाही.

वंशवृक्ष पूर्ण झाला की तळाशी तुमचं नाव येईल आणि शेजारी जन्मसालाचा रकाना. घाबरू नका. हयात व्यक्तींचे तपशील लपवायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. बाकी काही शिकला नाहीत तरी ते बटण आधी शोधून ठेवा. आणि लग्न जुळवणाऱ्या साइटवर जे वय टाकलंय, ते निदान भावाच्या वयाशी एकदा ताडून बघा. सध्या तुम्ही त्याच्याहून पाच महिन्यांनी मोठे आहात.