कुणालाही न टोचणारा कायदा कसा करावा

कायदा तर करायचाय, पण कुणाची कुरकुर नको, अशी तुमची पंचाईत झाली असेल तर वॉशिंग्टनला शिकवणी लावा. एक्स-रे, सीटी स्कॅन काढणारे आणि कर्करुग्णांना रेडिएशन देणारे तंत्रज्ञ किती शिकलेले असावेत, याचा कायदा अमेरिकेने १९८१ सालीच केला. निकषही ठरवले. फक्त ते राज्यांनी पाळलेच पाहिजेत, एवढं लिहायचं टाळलं. हौस असेल त्या राज्याने पाळावेत!

मग शरीराचे वाटे करा. हा खास अमेरिकी बारकावा. १९९२चा मॅमोग्राफी कायदा देशभर सक्तीचा आहे. स्तनांचे एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाने आधी कुणाच्या तरी देखरेखीखाली निदान २५ तपासण्या केलेल्या असाव्या लागतात. पण त्याच बाईला खोकला झाला आणि त्यामागच्या फुप्फुसांचा फोटो काढायची वेळ आली, की बटण दाबणाऱ्याने काय शिकलेलं असावं, हे ती कुठल्या राज्यात खोकते यावर ठरतं.

निकष सक्तीचे करा म्हणून कुणी फारच मागे लागलं तर विधेयक मांडू द्या. अडवू नका, वाईट दिसतं. २००६च्या डिसेंबरात सिनेटने असं एक विधेयक चक्क मंजूर केलं. प्रतिनिधीगृहाने काही केलं नाही, सत्र संपलं, विधेयक बारगळलं. पुढे पुन्हा श्रीगणेशा! प्रशिक्षित हातांनी केलेल्या कामाचेच पैसे मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने, द्यावेत, असा आगाऊपणा कुणी सुचवलाच, तर खेड्यातल्या दवाखान्यांनी शिकलेली माणसं आणायची कुठून, असा गळा काढा.

वादात हुकमी पत्ता म्हणून लॉस एंजेलिसमधलं एक नामांकित इस्पितळ हाताशी ठेवा. सीटी यंत्राची सेटिंग बदलली आणि १८ महिने दोनशेहून अधिक रुग्णांना मेंदूच्या स्कॅनमध्ये अपेक्षेच्या सुमारे आठपट रेडिएशन मिळालं. काहींचे केस गळले, तेव्हा कुठे २००९मध्ये हे उघडकीस आलं. आणि कॅलिफोर्नियात तर परवान्याची सक्ती! मग काय, ठणकावून विचारा, ‘शिकलेल्यांची ही तऱ्हा, तर शिकवायचं कशाला?’ डोसचा आकडा यंत्राच्या पडद्यावरच उमटतो, आणि तो बघून हात आखडता घ्यायलाही आधी कुणीतरी शिकवावं लागतं, याची वाच्यता करू नका.

केस कापणाऱ्यांची काळजी नसावी. त्यांना पन्नासही राज्यांत परवाना लागतो.