नंतरच्या वर्षांची पुस्तकं

आमच्या कॉलेजातल्या मैत्रिणींचा एक वाचनगट आहे. नऊजणी. मी तेवढी बर्लिनमध्ये, बाकीच्या महाराष्ट्रात. महिन्याला एक पुस्तक ठरतं आणि शेवटच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यावर बोलणं होतं. या वेळी निवडायची पाळी माझी होती. मी चॅनेल मिलरचं ‘नो माय नेम’ सुचवलं. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, ती शुद्धीवर नसताना, तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला. खटला चालला तेव्हा जग तिला ‘एमिली डो’ म्हणून ओळखत होतं. २०१९ मध्ये तिने स्वतःच्या नावाने हे पुस्तक लिहिलं.

गटावर उत्तरं आली ती अशी. “असलं वाचून झोप लागत नाही गं.” “घरात वयात आलेली मुलगी आहे, पुस्तक बाहेर कसं ठेवू?” “झालं ते झालं. नाव लावून चारचौघांत कशाला सांगायचं?” एकीने कायदा काढला, “आपल्याकडे तर अशा बाईचं नाव छापणं गुन्हा आहे.” आणि शेवटी जे येणार हे मला ठाऊक होतं ते आलंच. “तू तिकडे राहतेस, तुला बोलायला काय जातंय!”

त्या शेवटच्या वाक्यावर मी दोन आठवडे विचार करतेय. पण आधी कायद्याचं बोलू, कारण तिथे खरोखरच गैरसमज आहे.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. त्या मुलीच्या नावावरून, मथुरा प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्यात आपल्या वसुधा धागमवार होत्या. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करण्यावर बंदी आली ती तेव्हा. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. पण त्याच कलमात लिहिलंय की तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव छापता येतं. हे कलम पत्रकारांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिभेला लगाम घालण्यासाठी आलं. ते तिच्या तोंडावर हात ठेवायला आलेलं नाही. आपण मात्र ते तसंच वापरतो.

त्याच १९८३ मध्ये सोहेला अब्दुलालींनी ‘मानुषी’ मासिकात स्वतःच्या नावाने, फोटोसकट लेख लिहिला. तीन वर्षांपूर्वी मुंबईत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर तो जुना लेख पुन्हा हातोहात फिरला. मग त्यांनी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात लिहिलं, त्याचा आशय असा की मला जखम झाली, माझी अब्रू गेली नाही. २०१८ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे तिकडच्या बायकांनी ही वाट पाडली आणि आपण मागून चाललोय, असं काही नाही. मुंबईतल्या एका मुलीने हे चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

आणि अब्रूला जपताना काय होतं हेही आपल्याकडेच झालंय. अरुणा शानबाग. १९७३ मध्ये मुंबईच्या रुग्णालयात सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. खटला जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा चालला. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. तो सात वर्षांच्या शिक्षेनंतर सुटला, ती २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात पडून होती आणि परिचारिकांनी तिला बेचाळीस वर्षं सांभाळलं. तिचं नाव साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. कागदावर मात्र तिच्यावर बलात्कार कधी झालाच नाही. तिची गोष्ट पिंकी विराणींना लिहावी लागली, कारण तिला ती सांगता येणं शक्य नव्हतं.

आता “तू तिकडे राहतेस” याविषयी.

मी जिथे राहते त्या शहराचं एक पुस्तक आहे, ‘बर्लिनमधील एक स्त्री’. १९४५ च्या एप्रिल ते जूनमधली रोजनिशी. रशियन सैन्य शहरात घुसलं तेव्हा तळघरांत, जिन्यांत, घराघरांत बायकांवर जे झालं ते एका पत्रकार बाईने वहीत टिपून ठेवलं. १९५९ मध्ये ते जर्मन भाषेत छापून आलं तेव्हा इथल्या लोकांनी काय म्हटलं? जर्मन स्त्रीच्या अब्रूला या बाईने काळिमा फासला. लेखिकेने नाव दिलेलं नव्हतं, आणि आपण जिवंत असेपर्यंत पुस्तक पुन्हा छापू नका असं तिने सांगितलं. ती गेल्यावर, २००३ मध्ये ते पुन्हा निघालं आणि त्याच वर्षी एका पत्रकाराने तिचं नाव शोधून जाहीर केलं. नाव झाकलेलं राहावं ही तिची इच्छा मेल्यावरसुद्धा पाळली गेली नाही.

त्या वहीतली एक जागा मी कितीदा वाचली असेल. युद्धावरून तिचा होणारा नवरा परत येतो. ती त्याला वह्या देते. तो पानं चाळतो आणि एका संक्षेपावर बोट ठेवून विचारतो, हे काय लिहिलंयस? बलात्कार हा शब्द तिने पूर्ण लिहिलेला नव्हता, दोन-चार अक्षरं आणि पुढे टिंब. तिने वापरलेला मूळ जर्मन शब्दही आपल्या ‘शीलभंगा’च्या जातीचा, विटाळल्याची छटा असलेला. तो थोड्या दिवसांत निघून जातो. तुम्ही सगळ्या निर्लज्ज झालात, असं तो आधीच म्हणालेला असतो.

तेव्हा इकडे सगळं आलबेल नव्हतं आणि नाही. नवऱ्याने केलेला बलात्कार हा जर्मनीत १९९७ पर्यंत बलात्कार मानला जात नव्हता. ‘नाही म्हणजे नाही’ हे तत्त्व कायद्यात आलं २०१६ मध्ये. आपल्याकडे नवऱ्याला दिलेली ती सूट नव्या संहितेतही, कलम ६३ च्या अपवादात, शाबूत आहे. याची मला लाज वाटते आणि रागही येतो. पण इथेही ती लाज फार जुनी झालेली नाही.

एक फरक मात्र मला खरा वाटतो. इथे अनेक ठिकाणी बाईला पोलिसांत न जाता रुग्णालयात जाता येतं. पुरावे गोळा करून नावाशिवाय जपून ठेवतात. तक्रार द्यायची की नाही हे ती महिन्यांनी ठरवू शकते. आपल्याकडे रुग्णालयाने मोफत उपचार करायलाच हवेत, हे चांगलं आहे, पण पोलिसांना लगेच कळवणंही त्याच कलमात बांधलेलं आहे. ती अजून थरथरत असते आणि तिच्या वतीने सगळं ठरून गेलेलं असतं.

आपल्या चर्चेत, मोर्चांत, बातम्यांत गोष्ट दोनच ठिकाणी असते, त्या रात्री आणि निकालाच्या दिवशी. ही पुस्तकं मला हवीत ती मधल्या आणि नंतरच्या वर्षांसाठी. मिलर ऑफिसात कामावर बसलेली असताना मोबाइलवर बातमी उघडते आणि आपल्या शरीराचं काय झालं हे तिला अनोळखी वाचकांबरोबर कळतं. बातमीच्या शेवटी आरोपीचे पोहण्याच्या शर्यतींतले वेळ दिलेले असतात. सुसान ब्रायसन ही तत्त्वज्ञानाची प्राध्यापक. १९९० मध्ये फ्रान्समध्ये सकाळी फिरायला गेली असताना तिच्यावर बलात्कार झाला, गळा दाबून मेली समजून टाकून दिलं गेलं. बारा वर्षांनी आलेल्या पुस्तकात ती सांगते की माणसाचं ‘मी’पण दुसऱ्या माणसाच्या हातून मोडू शकतं आणि सावरतंही दुसऱ्यांच्याच आधाराने. नुसतं सांगून भागत नाही, ऐकणारं कोणी लागतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. “विसरून पुढं जा” म्हणणारी मैत्रीण प्रेमानेच म्हणते, पण त्या क्षणी ती ऐकणाऱ्याची जागा सोडून उठलेली असते.

गटातल्या एकीने ॲलिस सीबोल्डचं उदाहरण दिलं, आणि ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. सीबोल्डने स्वतःवरच्या बलात्काराविषयी १९९९ मध्ये आत्मकथन लिहिलं. तिच्या प्रकरणात १९८२ मध्ये दोषी ठरलेला अँथनी ब्रॉडवॉटर हा कृष्णवर्णीय माणूस सोळा वर्षं तुरुंगात राहिला, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तो निर्दोष होता. ओळख परेडमध्ये तिने दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवलं होतं, तरी खटला चालला, आणि केसांच्या कच्च्या तपासणीवर उभा राहिला. प्रकाशकांनी पुस्तक मागे घेतलं, ते योग्यच झालं. तिच्यावरचा बलात्कार खरा होता आणि त्याचं उद्ध्वस्त झालेलं आयुष्यही खरं आहे. दोन्ही एकदम मनात ठेवणं जड जातं, पण एकाच्या नावाने दुसरं खोडता येत नाही. आत्मकथन म्हणजे आरोपपत्र नाही. कोणी केलं हे शोधणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम, आणि तिथे त्यांनी कसूर केली.

नावाबद्दल माझं मत आता असं झालंय. नाव लावणं हे कोणाचंच कर्तव्य नाही. बर्लिनच्या बाईने नाव दिलं नाही, तिची वही त्यामुळे कमी खरी होत नाही. ठरवायचं तिने. आपण वाचकांनी एवढंच करावं की वाचताना मान फिरवू नये, आणि पुस्तक उशीखाली लपवू नये. वयात आलेल्या मुलीला ते दिसलं तर दिसू दे. काही सांगायची वेळ तिच्यावर आलीच, तर आपली आई ऐकून घेईल एवढं तरी तिला त्यावरून कळेल.

शेवटी आम्ही पुस्तक घेतलं. चौघींना इंग्रजी जड जातं, म्हणून दर रविवारी वीस मिनिटं मी एकेक प्रकरण मराठीत सांगते. पहिल्या रविवारी माझीच जीभ अडखळली. ‘अतिप्रसंग’ हा वर्तमानपत्री शब्द तोंडात आला, तो गिळला, मग मी “तो प्रसंग”, “त्या प्रसंगानंतर” असं म्हणत राहिले. इतकी वर्षं बाहेर राहून, हे सगळं वाचून. सुरुवातीला “चारचौघांत कशाला सांगायचं” म्हणालेली मैत्रीण कॅमेरा बंद करून ऐकत होती. तिने मधेच मला थांबवलं.

“प्रसंग प्रसंग काय करतेस गं,” ती म्हणाली. “जे झालं ते म्हण.”