क्लायंट बारीक टायपात छापलेले असतात

हातात कुठलंही मराठी पुस्तक घ्या आणि शीर्षकपान उलटा. मागे बारीक टायपात प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आतली चित्रं अशी सगळी नावं असतात, बऱ्याचदा पत्त्यांसकट. प्रकाशकाचं आणि मुद्रकाचं नाव पुस्तकावर छापलंच पाहिजे असा इंग्रजांनी 1867 मध्ये कायदा केला होता, तेव्हापासूनची ही रीत. "ताई, नवीन क्लायंट कुठे मिळतात?" असं विचारणाऱ्या नव्या चित्रकारांना मी हे पान वाचायला सांगते. बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना हॅशटॅग हवे असतात.

इन्स्टाग्रामशी माझं भांडण नाही, मीही तिथे चित्रं टाकते. पण आपली चित्रं तिथे बघतं कोण? बहुतेक दुसरे चित्रकारच. ते मनापासून कौतुक करतात, पण तेही बिचारे कामच शोधत असतात. काम देणारे संपादक पेठेतल्या एखाद्या ऑफिसात प्रुफांच्या गठ्ठ्यामागे बसलेले असतात आणि रील बघून चित्रकार निवडत नाहीत. फाइव्हरवर, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर, वाटलं तर नशीब आजमावा. तिथे कमाईतले 20 टक्के कंपनी कापून घेते आणि चार पैशांत लोगो करून देणाऱ्यांशी भाव लावत बसावं लागतं. माझ्याच्याने ते होत नाही.

मराठीत चित्रांच्या कामाला हंगाम असतो, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे कथेबरोबर चित्र लागतंच, आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. पण नवी मुलं संपादकांना फोन करतात ऑक्टोबरात! तोवर अंक छापून बांधणीला गेलेला असतो. कथा यायला लागतात पावसाळा सुरू होताना, आणि चित्रांची खरी घाई गणपतीच्या आगेमागे. म्हणजे आपलं काम त्यांच्या टेबलावर आषाढात पोचलेलं हवं. मंडळांच्या अहवालांचं आणि स्मरणिकांचंही तेच. शाळांची पुस्तकं, कृतिपुस्तिका जूनमध्ये दुकानात येतात, म्हणजे चित्रं हिवाळ्यात होतात. कॅलेंडरवाले दसऱ्याच्या सुमारास विचार करायला लागतात. संपादकांशी निवांत बोलायचं असेल तर दिवाळीनंतरचे पंधरा दिवस. तेव्हा ते फोनवर हसतातसुद्धा.

आता पाठवायचं काय? इथे बहुतेकांची गाडी अडते. पोर्टफोलिओत चाळीस सुंदर, रंगीत, एकमेकांशी काही संबंध नसलेले चेहरे असतात. दिवाळी अंकाची आतली पानं पुष्कळदा एकरंगी छापतात. संपादकांना बघायचं असतं की तुम्हाला काळ्या रेषेत कथेचा प्रसंग पकडता येतो का. मुलांच्या पुस्तकाच्या संपादकाला वेगळीच धास्ती असते: पहिल्या पानावरची मुलगी सोळाव्या पानावर तीच दिसेल का? पाठमोरी, रडताना, पावसात भिजलेली, आजीच्या मांडीवर? एकच पात्र घेऊन अशी सहा चित्रं करा आणि ती पाठवा. ईमेलला एकच पीडीएफ जोडा, फोनवर पटकन उघडेल इतकी हलकी. आणि त्यांचं कुठलं पुस्तक बघून लिहिताय, ते पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. "आदरणीय सर/मॅडम" असं एकाच वेळी पन्नास जणांना धाडलेलं पत्र लगेच ओळखू येतं.

त्या बारीक टायपातलं मला सगळ्यात लाखमोलाचं वाटणारं नाव प्रकाशकाचं नाही, मुद्रकाचं आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचं आहे. हौशी कवी, निवृत्त शिक्षक, पतसंस्था, गावाकडचं देवस्थान हे सगळे आधी प्रेसमध्ये जातात आणि तिथे विचारतात, "चित्रं काढणारं कुणी आहे का ओळखीत?" प्रेसवाले काका कोणाचं नाव सांगतात? ज्याची फाइल नीट येते त्याचं. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे; 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके; चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेलं चित्र; आणि काळी अक्षरं फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर, चारही रंगांत नाही. एवढं सांभाळलंत तर तो माणूस वर्षानुवर्षं तुमचं नाव पुढे करतो. माझी निम्मी-अधिक नवी कामं अशीच आली आहेत, आणि त्या काकांनी माझं इन्स्टाग्राम कधी उघडलेलं नाही.

फुकट सॅम्पल मात्र देऊ नका. एका प्रकाशनाने एकाच मुखपृष्ठासाठी आमच्यापैकी तिघांकडून 'नमुना' मागवला होता. पुस्तक आलं ते चौथ्याच्या मुखपृष्ठासह. रफ स्केचचे वेगळे पैसे सांगायचे, काम मिळालं तर ते एकूण रकमेतून वजा करायचे. यावर जो नाराज होतो त्याने पुढे बिलावरही कटकटच केली असती.

आणि हो, फक्त मराठी प्रकाशकांवर घर चालत नाही, हे इथे कोणीतरी स्पष्ट लिहायला हवं. मानधन कमी, तेही पुस्तक आल्यावर. म्हणून बंगळुरूची प्रथम बुक्स, चेन्नईची तूलिका, भोपाळची एकलव्य यांची पुस्तकं बघत राहा. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर 2015 पासून चित्रपुस्तकं मोफत वाचायला मिळतात, आणि तिथेही लेखक-चित्रकारांची नावं दिलेली असतात. कोणाची शैली कुठे चालते ते आठवडाभर नुसतं वाचून कळतं. पुण्यात डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरतो, तिथे पुष्कळ प्रकाशक भेटतात. फक्त रविवारी संध्याकाळच्या गर्दीत त्यांच्यापुढे आयपॅड नाचवू नका. मधल्या वारी सकाळी जा, एखादं पुस्तक विकत घ्या, मग बोला.

नागपूर, कोल्हापूर, पणजीकडच्या चित्रकारांनी तिकडचा हंगाम कधी असतो आणि कोणत्या प्रेसकडून कामं येतात ते खाली लिहा. दरही लिहिलेत तर फार बरं होईल. ते आपण एकमेकांपासूनच लपवतो.