‘हप्ते संपले की ट्रक तुमचाच’: पूर्ण खरं नाही

चालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय: ‘ट्रक लीजवर घ्या, किलोमीटरमागे पगारापेक्षा दुप्पट मिळतं आणि हप्ते संपले की गाडी तुमची.’

साध्या लीजमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारात, मुदत संपली की ट्रक परत द्यावा लागतो. मालकी हवी असेल तर खरेदीचा हक्क करारात स्पष्ट लिहिलेला हवा. शेवटी एकरकमी किती भरायचं, तेही. मधेच सोडलात तर भरलेले हप्ते सहसा बुडतात.

‘दुप्पट’ दराचं गणित आणखी फसवं आहे. तो दर म्हणजे हातात पडणारी कमाई नव्हे. डिझेल, टायर, विमा, टोल, दुरुस्ती सगळं त्यातूनच जातं. रिकामी धाव तर कुणी धरतच नाही. १००० किलोमीटर माल भरून गेलात आणि पुढच्या भाड्यासाठी ३०० रिकामे धावलात, तर पैसे १००० चे आणि डिझेल १३०० चं. प्रत्यक्ष दर तिथेच २३ टक्क्यांनी घसरला. गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये अडकली तर डिझेल वाचतं, पण हप्ता थांबत नाही. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण पहिल्या मोठ्या बिघाडातच अनेकांचं गणित कोलमडतं.

लीज देणारे देखभालीसाठी दर महिन्याला रक्कम कापत असतील, तर त्यातली उरलेली रक्कम कोणाची, हेही करारात वाचा. त्यांच्याशिवाय दुसऱ्याचा माल भरायची मुभा आहे का, तेही बघा.

सही करण्याआधी त्याच करारावर चालणाऱ्या चालकाचे सलग तीन महिन्यांचे हिशेब मागा. एका चांगल्या आठवड्याची पावती पुरत नाही.