बाहेरचा कोन

त्रिकोणाच्या आतल्या कोनांबद्दल माझी काही तक्रार नाही. तिघं मिळून 180 अंश, विषय संपला. एकानं पाय पसरले की उरलेले दोघं अंग चोरून बसतात. आमच्या बेळगावच्या वडगावातल्या जुन्या घरांतून भाऊ-भाऊ राहतात तसे. छळतो तो बाहेरचा कोन.

मुळात बाहेरचा म्हणजे कुठला? सातवीतल्या आमच्या कन्येनं 50 अंशांचा आतला कोन 360 मधून वजा केला आणि 310 लिहून ती मोकळी झाली. "बाहेर उरलं ते सगळं बाहेरचंच ना, पप्पा?" बिनतोड! पण भूमितीला हा उदारपणा चालत नाही. एक बाजू सरळ पुढं वाढवायची. वाढवलेली रेघ आणि शेजारची बाजू यांच्या मधे सापडेल तेवढाच बाह्यकोन. म्हणजे 130. "पण कुठली बाजू वाढवायची?" कुठलीही. शिरोबिंदूपाशी दोन्ही बाजू वाढवता येतात, दोन्ही बाह्यकोन सारखेच, कारण ते एकमेकांचे विरुद्ध कोन. असे एकूण सहा. सहा म्हटल्यावर तिनं वही मिटली.

उभी हयात हातमागावर काढलेल्या आप्पांना तर हा सगळा पोरखेळ वाटत होता. "काटकोनाच्या पलीकडं कशाला जायचं गा? आमची सगळी लुगडी काटकोनातच झाली की."

मग मी कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स फोडला. त्यात अजून कुंदा होता, हे सौ.कडून नंतर कळलं. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापला, वहीवर ठेवून त्याची कड गिरवली, एक बाजू वाढवली आणि लांबचे दोन कोपरे फाडून त्या बाहेरच्या फटीत ठेवले. चपखल बसले! बाह्यकोन म्हणजे दोन दूरस्थ आंतरकोनांची बेरीज. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं हे 32 वं विधान. तिन्ही कोनांच्या बेरजेची गोष्टही तिथंच, त्याच विधानात.

खरं तर सीमाभागात या प्रमेयाला सिद्धता लागूच नये. आपलं माप ठरवणारे दोघंही लांब बसलेले, एक मुंबईत, एक बेंगळुरात. जो कोन खेटून आहे, एकाच रेघेवर राहतो, गणपत गल्लीत आपल्याबरोबर भाजी घेतो, त्याला कोण विचारतंय? सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा 2004 चा. उत्तर अजून यायचंय. हे आप्पांपुढं काढू नये. काढलं की रात्रीचं जेवण थंड होतं आणि गृहपाठ तसाच राहतो.

शेवटचं गणित होतं, प्रत्येक शिरोबिंदूपाशी एकेक बाह्यकोन घेतला तर बेरीज 360 का? यावर माझ्याकडं हुकमी उपाय होता. अंगणात चुन्यानं मोठा त्रिकोण आखला आणि कन्येला रेघेवरून चालायला लावलं. प्रत्येक कोपऱ्यावर ती वळते तो बाह्यकोन. फेरी पुरी करून पहिल्या दिशेला तोंड केलं की एक अख्खा वळसा झाला. एका फेरीत तिला पटलं. आप्पांना पटेना, म्हणून तेही मागोमाग निघाले.

कंपाउंडपलीकडून शेजारच्या अक्कांनी घाबरून कानडीत विचारलं, "एनायतु री?" काय झालं हो?

"परीक्षे, अक्का," आप्पा न थांबता म्हणाले.

अक्कांनी तिथूनच हात जोडले आणि आपल्या नातवालाही फेऱ्या मारायला पाठवून दिलं.